एकेचाळिसाव्या क्रमांकाचा पूल

वाचनालयाच्या दाराला एक डोळा बसवलाय,
आत जाईल ते, बाहेर येईल ते, सगळं मोजतो.
महिनाअखेर मी त्या बेरजेला दोनाने भागते,
आणि जे उरतं त्याला आम्ही नागरिक म्हणतो.
त्यात एकटा ऑस्बर्न म्हाताराच
दिवसातून बारा वेळा सिगरेट ओढायला उठतो.
त्याची आंधळी कुत्रीही धरलेली आहे.
गेल्या वर्षी आम्ही उद्दिष्ट ओलांडलं.
महापौरबाईंनी केक कापला. मी गप्प राहिले.
केक चांगला होता.

राताकुरा जिल्हा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी.
माणसं अकरा हजार. मेंढ्या आमच्या अखत्यारीत येत नाहीत.

जूनमध्ये, खिडक्यांवर दहिवर गोठलेलं असताना,
आम्ही पुढच्या दहा वर्षांचे अग्रक्रम ठरवतो.
भिंतीवर साठ कामांचा तक्ता,
प्रत्येक नगरसेवकाच्या हातात पाच टिकल्या,
ज्याला जे महत्त्वाचं वाटेल तिथे चिकटवायच्या.
पोहण्याच्या तलावावर टिकल्यांचा खच पडला.
सांडपाण्यावर चार, तोंड वाकडं करून.
माताई ओढ्याच्या पुलावर एक,
तीही लेथमच्या कोपराला चिकटून गेलेली.
ती सोडवताना तक्ता फाटला.
"नऊ माणसांसाठी सहा लाख डॉलर?" लेथम म्हणाला,
"नाकापेक्षा मोती जड."
लेथम वाईट माणूस नाही. त्याला भागाकार येतो, इतकंच.

सुनावणीला हिनेराउ पाराता आली होती.
प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी.
पहिलं मिनिट तिने पूर्वजांची, डोंगराची, ओढ्याची नावं घेतली,
तिच्याकडे बोलायला उभं राहायची तीच रीत.
दुसऱ्यात शाळेची बस सांगितली.
तिसऱ्यात म्हणाली,
"गेल्या ऑगस्टात पाणी चढलं त्या रात्री माझी आई"
आणि घंटी वाजली.
इतिवृत्त मीच लिहिते.
"आई"नंतर मी पूर्णविराम दिला.

पुलाचा चौकोन अहवालात हिरवा आहे.
हिरवा, कारण तक्रारी शून्य.
तक्रारी शून्य, कारण ओढ्यापलीकडे
फोनला रेंज नाही.
मापात पाप कुणी केलं नव्हतं.
माप फक्त अलीकडच्या काठावर उभं होतं.

शनिवारी मी गेले. कुणी पाठवलं नव्हतं.
गमबूट, थर्मास, गाडीत पडून असलेली मोजपट्टी.
पूल म्हणजे दोन तुळया आणि मधे बराचसा विश्वास.
पलीकडच्या खांबावर रेघा होत्या,
खालून वर, नखं रंगवायच्या रंगाने काढलेल्या.
हिनेराउची धाकटी, अनाहेरा, दहा वर्षांची,
कठड्यावर बसून पाय हलवत होती.
"गुलाबी म्हणजे बूट काढायचे," ती म्हणाली.
"जांभळी म्हणजे शाळा बुडाली."
अकरा जांभळ्या. मी दोनदा मोजल्या,
या खेपेला कशानेही भागलं नाही.
सगळ्यात वर, माझ्या खांद्याच्याही वर,
एकच लाल.
मी विचारलं नाही.
तिने सांगितलंही नाही,
फक्त बाटली हलवून दाखवली:
लाल संपलाय.

सोमवारी तिमाहीचा तक्ता उघडला.
उद्दिष्ट, प्रत्यक्ष, तफावत, रंग.
रंगाच्या रकान्यात तीनच चालतात,
सिग्नलला असतात तेवढे.
मी लिहिलं: जांभळा.
यंत्र म्हणालं: नोंद अमान्य.
मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अमान्य.
लेथम दारातून डोकावला, काय अडलंय म्हणाला.
ये, म्हटलं, बस जरा,
एक अर्धं वाक्य आहे, ते ऐक.
त्याने घड्याळ पाहिलं,
मग खुर्ची ओढली.

खाली वाचनालयाचं दार वाजलं.
ऑस्बर्न असेल.
आत आला की बाहेर पडला,
ते दाराला कळत नाही.